रजिस्टर्ड पत्ता

नोंदणीची फी तशी किरकोळ होती.
राजारामपुरीतले सौंदत्तीकर बशीत चहा ओतत म्हणाले,
"दोन कार्बाइड बिटांचे पैसे. तेवढ्यात तुमची कंपनी इंग्लंडात."
मी दस्तगीरकडं बघितलं.
तो नखातलं ग्रीस काढत होता.

आम्ही उसाच्या चरकाचे रोलर करतो.
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये,
दोन लेथ, एक शेपर,
आणि वीज असली तर वीज.
लेस्टरच्या एका दुकानदारानं चाळीस चरक मागितले.
अट एकच :
बिल तिथल्या कंपनीचं पाहिजे.

आधी पासपोर्ट.
पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा
दोन्ही कान दिसतील असा फोटो काढला.
चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "कुठं निघालाय?"
"मी न्हाई साहेब, कंपनी निघालीय."
त्यानं काय लिहून घेतलं, कोण जाणे.
त्या पासपोर्टाची पानं अजून कोरी आहेत.

मग कोर्टाबाहेरचा नोटरी,
त्याच्या शिक्क्यावर मुंबईचा शिक्का.
लाईटबिलावरचा पत्ता मराठीत होता :
पिराच्या चिंचेजवळ, खालचा बोळ.
त्याचं इंग्रजी करायचे एका बाईंनी सहाशे घेतले
आणि चिंच गाळली.
"झाड पत्त्यात चालत नाही," म्हणाल्या.
तसं ते तोडूनही बारा वर्षं झाली होती,
म्हणून मी वाद घातला नाही.

तिथला पत्ताही भाड्यानं घ्यावा लागतो.
सालाचं भाडं, आगाऊ.
दस्तगीरनं विचारलं, "तिथं हाय काय?"
"पत्रपेटी."
"आन् माणूस?"
"एक बाई आहे. पाकीट फोडून फोटो पाठवते."
तो थोडा वेळ गप्प बसला.
"म्हंजे झाडलोट कुणीच करत न्हाई."

बँकेनं दोनदा नाकारलं.
तिसऱ्यांदा फोनच्या पडद्यावर एक पोरगा आला, गोरा, नम्र,
विचारू लागला, भांडवल आलं कुठून?
मागं शेपर चालू होता.
मी ओरडून सांगितलं : बायकोची भिशी.
भिशी म्हणजे काय, हे त्याला सांगताना
माझी चाळीस मिनिटं आणि सगळं इंग्रजी संपलं.

अकरा चरक गेले.
मग लेस्टरचा माणूस फोन उचलेना.
उरलेले एकोणतीस हिरवा रंग लावून शेडमध्ये उभे,
त्यांच्यावर आता आम्ही डबे ठेवतो.

वर्ष सरलं.
विक्री शून्य, नफा शून्य,
पण ते शून्य रीतसर लिहून द्यायला तिथला हिशेबनीस लागतो,
आणि त्याची फी काही शून्य नव्हती.
"बंद करून टाकू," मी सौंदत्तीकरांना म्हणालो.
त्यांनी चष्मा काढला.
"बंद करायलाही खर्च आहे, सुतार."

त्याच आठवड्यात बाईनं फोटो पाठवला.
पाकिटावर दोघांची नावं, पेनानं लिहिलेली :
सुतार-शिकलगार.
आत वहीचा कागद.
कुणी एक म्हातारी, जत्रेत रसाची गाडी लावते,
जुना चरक विकत घेतलेला,
लिहीत होती, डावा रोलर किरकिरतो,
पोरं कानात बोटं घालतात.
खाली पेन्सिलीनं काढलेला रोलर, बदकासारखा.

दस्तगीरनं फोटो मोठा केला, लहान केला.
"बुश गेलाय," म्हणाला,
आणि उठून लेथ चालू केला.

पितळेचा बुश, अंगठीएवढा.
टपालखर्च त्याच्या नऊपट.
मी वहीत दोन्ही आकडे लिहिले,
कुठल्या खात्यावर टाकायचे ते कळेना,
म्हणून रकाना मोकळा सोडला.
त्याच दिवशी पत्रपेटीचं पुढच्या सालाचं भाडंही भरलं.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता दस्तगीरनं घातला.
सातवीतलं इंग्रजी, एकेक अक्षर दाबून.
सगळं लिहून झाल्यावर
पुन्हा पेन उचललं
आणि मधल्या फटीत, बारीक अक्षरांत,
चिंच घातली.